सतरा नंबरचा सेल

माझा स्वभाव मुळात घाबरट आहे, आणि घाबरट माणूस हमखास चिडका असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

साल २००६. जालन्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. वय अडतीस, लग्न केलेलं नाही, घरी मी आणि माझी आई गिरिजाबाई. गाव आमचं आष्टी, पण वडील गेल्यावर आईला मी जालन्यातच आणलं होतं. सहा वर्षं माझी पीएच.डी. चालली होती. विषय असा, की लिथियमच्या बॅटरीत सिलिकॉनचा इलेक्ट्रोड घातला तर तो का फुटतो आणि फुटू नये म्हणून काय करता येईल. नोंदणीची मुदत एकतीस ऑक्टोबरला संपत होती. दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. त्या तारखेच्या आत प्रबंध गेला नाही तर सहा वर्षं पाण्यात, इतकं सरळ होतं ते.

मोबाइलच्या बॅटरीत एक भाग कार्बनचा असतो. त्याच्या जागी सिलिकॉन बसवलं तर कितीतरी पट जास्त वीज साठते, निदान कागदावर. प्रत्यक्षात काय होतं, बॅटरी भरताना लिथियम सिलिकॉनच्या आत शिरतं आणि सिलिकॉन फुगतं, जवळजवळ चौपट. बॅटरी रिकामी करताना लिथियम बाहेर पडतं आणि सिलिकॉन आक्रसतं. हे आक्रसणंच जास्त वाईट. तेव्हा त्याला तडे जातात. तड्यांमुळे जो नवा पृष्ठभाग उघडा पडतो त्यावर साय धरते, त्या सायीत लिथियम अडकून बसतं, तुकडे सुटे होतात आणि खालच्या तांब्याच्या फॉइलला धरून राहत नाहीत. एकदा भरणं आणि एकदा रिकामं करणं म्हणजे एक फेरी. अशा दहा-बारा फेऱ्यांत सेल मरतो.

आमच्या प्रयोगशाळेतल्या रखमाजींना मी हे हरभऱ्यावरून समजावलं होतं. भिजवला की फुगतो, वाळवला की आक्रसतो. ते म्हणाले, "आन मंग साल फाटती. बराबर हाय मॅडम. पुन्हा भिजवला तर तो हरभरा ऱ्हात न्हाई, लगदा व्हतो." माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना एवढं झटकन कळलं नव्हतं.

रखमाजी प्रयोगशाळेतले परिचर. जाफराबादकडचे, सत्तावन्न वर्षांचे, गावी थोडी जमीन आणि बायको तुळजाबाई. जालन्यात एक खोली घेऊन राहायचे आणि दर शनिवारी एसटीनं गावी जायचे. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. माझ्या हातून ब्युरेट फुटायचे, त्यांच्या हातून अकरा वर्षांत एकही नाही. त्यांनी एक रजिस्टर ठेवलेलं होतं. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, खोलीत तापमान किती, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातलं, सगळं त्यात जाडसर अक्षरात. कुणी सांगितलं नव्हतं. सेल पुन्हा पुन्हा भरायचं-रिकामं करायचं यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी स्वतःच दुकानातून रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर स्वस्तिक काढून सुरुवात केली.

तर मी सेल बनवत गेले आणि ते मरत गेले. घड्याळात घालतात तसे छोटे गोल सेल, औरंगाबादला माझ्या गाइड सरांकडे बनवायचे आणि जालन्याला आणून आमच्या यंत्रावर लावायचे. सोळा मेले. सतरावा मात्र टिकला. त्यात मी नेहमीच्या प्लास्टिकच्या चिकटवणीऐवजी सेल्युलोजचा एक डिंक वापरला होता, आइस्क्रीम घट्ट करायला घालतात तसला. दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या, सेल उभा. सर फोनवर म्हणाले, "हा सलग शंभर चालवून दाखवा. सोळा ऑक्टोबरला मी तिकडे येतो, आकडे बघतो, रजिस्टर बघतो आणि तिथंच सही करतो."

सलग शंभर. हे दोन शब्द माझ्या डोक्यात असे बसले की जेवताना घास गिळेना. एका फेरीला बारा तास लागत, म्हणजे शंभर फेऱ्यांना पन्नास दिवस. सेलच्या दुसऱ्या बाजूला लागणारा लिथियमचा पत्रा संपला होता, नवा मागवायला तीन महिने. म्हणजे अठरावा सेल बनणार नव्हता. जे काही होतं ते या बटणाएवढ्या डबीत. वर जालन्यातलं लोडशेडिंग. दिवसातून दोन-दोनदा लाइट जायची, कधी सांगून, कधी न सांगता. इन्व्हर्टर बसवला होता, पण तो तरी किती खात्रीचा. वर्गात शिकवता शिकवता पंखा थांबला की माझा खडूही थांबायचा. पोरं हसायची. मी तास अर्धा सोडून जिना चढून जायची, तर रखमाजी यंत्रापाशी स्टूल टाकून बसलेले असायचे. "चालू हाय मॅडम. जावा तुमी, शिकवा."

नवरात्रात, सत्तावीस सप्टेंबरला, मी सकाळी पडद्यावर आकडे बघितले आणि पुन्हा बघितले. चौसष्टावी फेरी. जितकं लिथियम सिलिकॉनमध्ये घातलं तितकं परत येत नव्हतं. आधी शंभरातलं नव्व्याण्णवच्या वर येत होतं. आता सत्त्याण्णव. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मला त्याचा अर्थ पाठ होता. आत नवीन तडे जात होते. सेलची एकूण ताकद अजून पडली नव्हती, ती नंतर पडते. मला त्या क्षणी कळलं होतं, आणि कळून मी काय केलं, तर तो रकाना पडद्यावरून बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवशीही बघितला नाही. सरांना सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही म्हणा ना. दिवसभर छाती धडधडायची आणि कुणी विचारलं तर मी म्हणायची, अॅसिडिटी.

त्यात आईनं नागपूर काढलं. त्या वर्षी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. छप्पन्न साली आईला तिच्या बापानं खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं, आठ वर्षांची होती. त्यानंतर जायचं जायचं म्हणता तिचं जाणं राहून गेलं होतं.

"आवंदा न्हाई तर मंग कवा?" आई म्हणाली. "मी का शंभर वर्सं जगून राह्यले?"

शंभर हा शब्द ऐकूनच मला घाम फुटला. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. आमच्या गल्लीतल्या लोकांनी एक गाडी ठरवली होती, तीस तारखेला निघून तीन तारखेला परत.

निघायच्या आदल्या दिवशी मी रखमाजींना किल्ली दिली आणि सूचना दिल्या. इन्व्हर्टरचं पाणी. तापमान. खिडकी. मुंग्या. लाइट जाऊन आली तर कुठला दिवा बघायचा. रविवारी एक तारखेला आणि सोमवारी दोन तारखेला कॉलेज बंद, तरी यायचं. ते गावी जाणार होते सणाला, पण म्हणाले, "न्हाई जात. तुळजा समजून घेती. तुमी बेफिकीर जावा." मी अकरा सूचना दिल्या असतील. बारावी सुचलीच नाही. एक तारखेला खंडेनवमी होती.

आमच्या घरात ती पाळत नाहीत, छप्पन्नपासून. मला तिथीही माहीत नसायची. दरवर्षी दसऱ्यानंतर कॉलेजात आले की तराजूवर हळदीचा ठिपका दिसायचा, मी पुटपुटत स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढायची, संपलं. आणि रखमाजींच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काय होतं? खंडेनवमीला हत्यार पुजायचं, त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही, हे त्यांना दार लावताना कडी घालावी इतकं उघड होतं. त्यांना विचारावंसं वाटलं नाही, मला सांगावंसं वाटलं नाही.

नागपूरला लाखो लोक. पांढरे कपडे, निळे झेंडे, पाय ठेवायला जागा नाही. आईनं रांगेत सहा तास काढले आणि एकदाही बसली नाही. स्तूपापुढे उभी राहून ती रडली आणि तिचा हात धरून मी मनात हिशेब मांडत होते, आता बहात्तरावी संपली असेल, त्र्याहत्तरावी लागली असेल.

आई डोळे पुसत म्हणाली, "इतक्या दूर आलीस आन तुझं ध्यान त्या घड्याळाच्या सेलात. तुझा आजा अनवाणी आल्ता गं इथं."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण हिशेब काही थांबला नाही.

तीन तारखेला मंगळवारी दुपारी गाडीतून उतरले ती आईला रिक्षात बसवून तशीच कॉलेजात गेले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं, आत अगरबत्तीचा वास. यंत्राच्या डोक्यावर झेंडूची माळ. समोरच्या पत्र्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. सेल ज्या चिमट्यात बसवला होता त्या चिमट्यालाही एक फूल. पडदा चालू होता आणि त्यावर लिहिलं होतं, फेरी दोन.

रखमाजी हसऱ्या चेहऱ्यानं पुढे आले. "समदं बराबर हाय मॅडम. लाइट चारदा गेल्ती, पर काई धक्का न्हाई लागला."

"हे बंद कुणी केलं?"

"मीच की. नवमीला. सकाळी बंद केलं, पुसून घेतलं, पूजा केली. काल दसऱ्याला सांजच्याला सा वाजता पुन्हा चालू केलं. तुमी ते हिरवं बटन दाबता तसंच." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "हत्याराला येक दिस आराम देतेत ना मॅडम. लाइट जाऊन बंद पडनं येगळं. आपन पाया पडून बंद करनं येगळं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. अकरा वर्षांत मी त्यांना अहोजाहो सोडून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "अक्कल आहे का तुला? तुझ्या हळदकुंकवानं माझी सहा वर्षं खाल्ली. अडाणी तो अडाणीच." आवाज खाली व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण दोन मुली दारात येऊन परत गेल्या. मी थांबल्यावर रखमाजींनी यंत्रावरची माळ काढली. मग चिमट्यावरचं फूल काढायला हात नेला आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं, हात लावू का, असं.

आणि आता खरं सांगते. ओरडत असतानाच माझी ती धडधड थांबली होती. पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. सेल आता मेला तरी कारण तयार होतं, आणि ते कारण माझ्यासमोर मान खाली घालून उभं होतं.

सेल मेला मात्र नव्हता. दीड दिवस अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहून तो पुन्हा चालायला लागला होता. यंत्रानं एकपासून मोजायला सुरुवात केली होती, एवढंच. आधीच्या एकाहत्तर फेऱ्यांची फाइल जागेवर होती. दोन्ही फाइली जोडल्या की झालं, आलेखावर फेऱ्यांचे आकडे असतात, तारखा नसतात. ते मी त्याच संध्याकाळी केलं. अडचण होती ती रजिस्टरची. सर रजिस्टर बघणार होते, आणि त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं : '१ ऑक्टो. खंडेनवमी. यंत्र स. ८ वा. बंद. पूजा केली. २ ऑक्टो. दसरा. सायं. ६ वा. चालू.' पानांना आकडे घातलेले. फाडावं तर कळणार, खोडावं तर दिसणार.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तसंच लाल कापडाच्या पाठीचं रजिस्टर आणलं. रखमाजींपुढे ठेवलं. सव्वीस ऑगस्टपासूनचं, म्हणजे सतरावा सेल लावल्यापासूनचं, सगळं यात उतरवायचं, फक्त एक आणि दोन तारखेला यंत्र चालू लिहायचं. दोन पेनंही आणली होती, निळं आणि काळं, मधूनमधून बदलायला. किती डोकं चालतं बघा माणसाचं अशा वेळी.

मला वाटलं होतं ते 'का?' म्हणून विचारतील, निदान कुरकुर करतील. ते लगेच बसले. त्यांना इतकी घाई होती भरपाई करायची. "व्हय मॅडम, करतो. आज अन उद्या, दोन दुपारांत व्हतंय." डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांनी आधी पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं. मग ओळ ओळ बघून लिहायला लागले. जुन्या पानावर जिथं खाडाखोड होती तिथं नव्यातही लिहून खोडलं. मध्येच मान वर करून म्हणाले, "मॅडम, हितं च्या सांडला व्हता. नव्यात बी सांडू का?"

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं, कारण ते गंमत करत नव्हते.

पाच तारखेच्या दुपारी ते एक ऑक्टोबरवर आले. मी समोर बसून उत्तरपत्रिका तपासत होते, म्हणजे तपासल्यासारखं करत होते. पेन थांबलं.

"तापमान किती लिवू? त्या दिशी खोलीत हुतो मी, पर बघितलं न्हाई. यंत्र बंद व्हतं तर कशाला बघायचं."

"सत्तावीस लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं : यंत्र चालू. तापमान सत्तावीस. पुढे नेहमीप्रमाणे सही केली. अकरा वर्षं मी त्या अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. जुनं रजिस्टर त्यांनी कागदात गुंडाळून मला दिलं आणि पेनं परत केली, निळं नि काळं, दोन्ही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. रखमाजी काम चोख करायचे, पण स्टुलावर बसेनात. यंत्रापाशी उभेच राहायचे, चार हात लांब. बोलायचे ते फक्त 'व्हय मॅडम', 'न्हाई मॅडम'. आई घरी म्हणायची, अगं जेव, मी म्हणायची, सोळा तारीख होऊ दे. रोज सकाळी जिना चढताना वाटायचं, आज पडला असेल. पडलेला नसायचा. मग संध्याकाळपर्यंत वाटत राहायचं, आता पडेल.

सात तारखेपासून खरंच पडायला लागला. ऐंशीव्या फेरीला ताकद निम्म्यावर आली. नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, पंच्याऐंशीव्या फेरीत आकडा जवळजवळ शून्य. सेल गेला. मी खुर्चीत बसून राहिले. रखमाजी पाण्याचा ग्लास घेऊन आले, पडद्याकडे बघितलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

बुधवारी सगळं बाडबिस्तर घेऊन औरंगाबादला गेले. पिशवीत सेल, फाइली आणि दोन्ही रजिस्टरं. सरांनी रबरी हातमोज्यांच्या काचेच्या पेटीत सेल उघडला. सिलिकॉनचा थर उचकटला होता, बरीचशी काळी पूड फॉइल सोडून निघाली. उरलेल्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतला. सगळीकडे तडे. मोठ्या तड्यांत बारीक तडे.

सरांनी फाइल चाळली आणि बोट एका रकान्यावर ठेवलं. मी सरकवून ठेवलेला तोच. "चौसष्टपासून सुरुवात झालीय. हे दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

मी पिशवीचा बंद सोडायला लागले. त्यांनी रजिस्टर मागितलं. मी जुनं काढून दिलं. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. सेल मेला होता, खोट्याचं काम संपलं होतं, म्हणून. सरांनी एक ऑक्टोबरची ओळ वाचली आणि मोठ्यानं हसले.

"खंडेनवमीची सुट्टी! अहो, छान आहे की. एक दिवस पडून राहिल्यानं सेलला काही होत नाही. तळटीप टाका, चौतीस तास प्रयोग थांबला होता म्हणून. झालं."

"पण सर, सलग शंभर..."

"तुम्ही हलत नव्हता म्हणून म्हणालो होतो शंभर. सोळा सेल दहा-बारात मेले, हा पंच्याऐंशी चालला आणि नेमका कुठून बिघडत गेला त्याचा आकडा तुमच्याकडे आहे. विषय काय आहे तुमचा, सत्यशीला? इलेक्ट्रोड का फुटतो. मग फुटला ते लिहा ना. एवढं एक प्रकरण पूर्ण करा आणि पंचवीस तारखेच्या आत सहीला आणा."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले. सुटल्याचं रडू होतं. एक तळटीप. आठ दिवस मी एक प्रश्न विचारायला घाबरले होते, आणि त्याचं उत्तर एक तळटीप होतं. बसस्टँडवर उतरले तेव्हा मला प्रचंड भूक लागली होती. पाव किलो पेढे घेतले, आईला दोन ठेवले, बाकीचे रखमाजींसाठी बांधून ठेवले.

सकाळी प्रयोगशाळेत शिरले तीच बोलत. रखमाजी, काम झालं. प्रबंध जातोय. सर काहीही म्हणाले नाहीत, उलट तुमच्या नोंदी बघून खूश झाले. आणि हे बघा, तुमच्या पूजेनं काही झालेलं नाही, उगीच मनाला लावून घेऊ नका. मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोटो लांब धरून बघितला. उजेडाकडे फिरवला. "हे तडे हायेत?"

"तडेच. आधीपासून जात होते."

"आधीपासून म्हंजी कवापासून?"

मी इतकी आनंदात होते की विचार न करता सांगून टाकलं. "सत्तावीस तारखेपासून. चौसष्टाव्या फेरीपासून."

ते बोटांवर मोजायला लागले. तेवीसला घट बसले, चोवीस, पंचवीस... "पाचव्या माळंला," ते म्हणाले. "आन मी पूजा केली नवव्या माळंला."

"तेच तर सांगतेय. तुमचा काही दोष नव्हता."

"हे तुमाला काल कळलं, औरंगाबादला?"

हो म्हणता आलं असतं. पेढ्याचा पुडा माझ्या हातात होता, त्याचा दोरा मी सोडत होते. म्हणाले, "नाही. तेव्हाच कळलं होतं. पाचव्या माळेला."

रखमाजींनी फोटो टेबलावर ठेवला, कोपरे जुळवून सरळ केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखादी नोंद चुकली की ती शोधताना ते जसे दिसायचे तसेच दिसत होते.

"मंग मॅडम," ते म्हणाले, "ते दुसरं रजिस्टर माझ्या हातनं कशापायी लिहून घेतलं?"

आणि ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.